स्थानिक पालक

लतिका पारखींच्या घरी एक फॉर्म पंधरा दिवस फ्रिजवर पडून होता. त्यावर एक सही हवी होती, बस्स. सहीला असा किती वेळ लागतो? पण लतिकाबाई शिक्षिका, त्यांचे यजमान शास्त्रज्ञ, दोघंही एम.एस्सी. तेव्हा त्यांना पंधरा दिवसही पुरेनात. शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं. नाही म्हणायची लाज वाटते, हो म्हणायची भीती वाटते. मग कागद फ्रिजवर जातो आणि कोणी विचारलंच तर आपण म्हणतो, "बघू हं, जरा नवरात्र होऊ दे."

ही १९८३ सालची, लखनौमधली गोष्ट. पारखी कुटुंब निशातगंजात राहत होतं. हेमचंद्र पारखी औषधसंशोधनाच्या एका संस्थेत होते आणि त्यांचं काम होतं कुष्ठरोगाच्या जंतूवर. हा जंतू काचेच्या नळीत वाढत नाही, म्हणून तो उंदरांच्या तळपायात वाढवतात. गेली नऊ वर्षं हेमचंद्र त्या उंदरांचे पाय तपासत होते. मराठी मंडळात त्यांनी स्लाइड दाखवून व्याख्यानही दिलं होतं. हा रोग आईबापांकडून रक्तात येत नाही, शंभरातल्या पंच्याण्णव माणसांना तो होऊच शकत नाही, आता तर दोन-तीन औषधं एकत्र देऊन तो पुरता बरा करता येतो, असं सगळं त्यांनी छान समजावून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर बटाटेवडे होते.

त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मारीट राहायची. ती नॉर्वेची, वय तेवीस. वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून आली होती. मलिहाबादच्या रस्त्यावर, आंब्याच्या बागा सुरू होतात तिथे कुष्ठरोगातून उठलेल्या कुटुंबांची एक बस्ती होती. मारीट रोज दोन टेम्पो बदलून तिथे जायची आणि तिथल्या मुलांना शिकवायची. मुलं धडधाकट होती. रोग झाला होता तो त्यांच्या आईबापांना, पण शाळांना एवढा फरक कळत नव्हता. कळत नव्हता म्हणणंही चूकच. कळून घ्यायचा नव्हता.

मारीट जेवायला पारखींकडेच असे. पाहुण्यांना लतिकाबाई मोठ्या कौतुकाने तिची ओळख करून द्यायच्या. मंडळाच्या गणेशोत्सवात मारीटला शाल-श्रीफळ दिलं गेलं तेव्हा भाषण लतिकाबाईंनीच केलं. त्या म्हणाल्या, "ही मुलं मारीटची नाहीत, आपली आहेत. आमच्या घराचं दार त्यांना सदैव उघडं आहे." डोळ्यांत पाणीबिणी आणून म्हणाल्या. मारीटने शेजारच्या बाईंकडून त्या वाक्याचं हिंदी करून घेतलं आणि ते तिला खरं वाटलं. भाषणात बोललेलं घरी न्यायचं नसतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या बस्तीत कुसुमा नावाची मुलगी होती, दहा वर्षांची. लतिकाबाई ज्या शाळेत शिकवत, तिथली सहावीची प्रवेशपरीक्षा मारीटने तिच्याकडून देववली. चौऱ्याऐंशी मुलींत कुसुमा तिसरी आली. सरकारी डॉक्टरांनी तपासून रोग नसल्याचा दाखला दिला. उरला एक रकाना: स्थानिक पालक. शहराबाहेरच्या मुलींसाठी शहरातल्या कोणा प्रतिष्ठित रहिवाशाची सही लागे. परदेशी माणसाची चालत नसे. शेवटची तारीख होती रामनवमीच्या दुसऱ्या दिवशीची, शुक्रवारची. सही झाली नाही तर जागा पुढच्या मुलीला जाणार, आणि बस्तीतल्या शाळेत पाचवीपुढे वर्गच नव्हता. कुसुमाचं शिक्षण तिथेच संपणार.

तोच हा फ्रिजवरचा फॉर्म.

आता अष्टमीचं सांगतो. लखनौला चैत्रातही नवरात्र बसतं, आणि त्यातल्या अष्टमीला घरोघरी नऊ मुली जेवायला घालतात. त्यांचे पाय धुतात, पायांना आलता, म्हणजे लाल रंग, लावतात, चुनरी देतात, हलवा-पुरी आणि काळे चणे वाढतात. मुली म्हणजे देवीचं रूप. त्या दिवशी गल्लीत मुलींचा इतका तुटवडा असतो की एकेक मुलगी चार-चार घरी जेवून येते. एरवी मुलगी झाली की तोंड पाडणारी घरंही त्या सकाळी रस्त्यात मुली शोधत फिरतात. असो, तो राग पुन्हा कधीतरी. लतिकाबाईंनी लखनौला आल्यापासून ही पद्धत उचलली होती. हलव्यासोबत त्या आपली आंब्याची डाळ आणि पन्हंही करायच्या.

त्या वर्षी चैत्रातल्या अष्टमीला त्यांना सातच मुली मिळाल्या. त्यांची स्वतःची मृणाल, शेजारच्या मिसेस सक्सेनांच्या दोघी आणि गल्लीतल्या चौघी. आदल्या रात्री जेवताना त्या हळहळल्या, "नऊ काही होत नाहीत बाई यंदा."

मारीटने ते ऐकलं. तिला वाटलं, एवढंच ना? दार सदैव उघडं आहे, आणि दोन मुली कमी पडताहेत.

सकाळी दहाच्या सुमारास ती कुसुमाला आणि तिच्या सहा वर्षांच्या बहिणीला, मुन्नीला, घेऊन आली. दोघींचे केस घट्ट विंचरलेले, लाल रिबिनी लावलेल्या. लतिकाबाई परातीत कोमट पाणी ओतत होत्या. मुली पाहून त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा, नऊ झाल्या. बसा, बसा बेटी." कुठल्या मुली, हे विचारायचं त्या गडबडीत त्यांना सुचलंच नाही. मारीट ओळखीच्या कोणाकडून घेऊन आली असेल, असं त्या धरून चालल्या.

ओळीने सात मुलींचे पाय धुऊन झाले. आठवी कुसुमा. लतिकाबाईंनी तिचा उजवा पाय हातात घेतला, परातीत ठेवला आणि सहज प्रेमाने विचारलं, "कहाँ रहती हो बेटी?"

मारीटने तिच्याकडून शाळेच्या मुलाखतीची तयारी करून घेतली होती. मोठ्यांनी विचारलं की मान वर करून पूर्ण उत्तर द्यायचं, असं शिकवलं होतं. कुसुमाने मान वर केली आणि सांगितलं, "मेरा नाम कुसुमा है. पिता का नाम रामआसरे. पता, कुष्ठ बस्ती, मलिहाबाद रोड, लखनऊ."

लतिकाबाईंचे हात पाण्यातच थांबले. मग त्यांनी ते बाहेर काढले. पाय तसाच परातीत राहिला.

मिसेस सक्सेना दाराशी उभ्या होत्या. "लतिका जी, आपने बताया नहीं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि आपल्या दोन्ही मुलींना दंडाला धरून उठवलं. त्यांच्यामागोमाग गल्लीतल्या चौघीही उठल्या. पाटांवर उरल्या मृणाल, कुसुमा आणि मुन्नी.

आवाज ऐकून हेमचंद्र बाहेर आले. त्यांना सगळं एका क्षणात समजलं. नऊ वर्षं जंतू बघणारा माणूस. आता हे काय करतील? सक्सेनाबाईंना थांबवतील, दोन वाक्यांत समजावतील, स्लाइडसुद्धा लागणार नाहीत, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं असतं. हेमचंद्र हळू आवाजात बायकोला म्हणाले, "अगं, या दोघींना व्हरांड्यात बसव ना. हवा आहे तिथे. आणि स्टीलच्या ताटात नको, पत्रावळीवर वाढ. नंतर टाकून देता येतील."

हे ते मराठीत बोलले. कुसुमाला मराठी येत नव्हतं, पण व्हरांड्याकडे केलेलं बोट तिला दिसलं. असं बोट तिने जन्मापासून पाहिलं होतं. तिने परातीतून पाय काढला, फ्रॉकच्या टोकाने पुसला आणि बहिणीचा हात धरला.

"दीदी, चलिए. मुन्नी को भूख नहीं है."

"लगी है," मुन्नी म्हणाली.

कुसुमाने तिला ओढतच नेलं. मारीट त्यांच्यामागे धावली. कोणी थांबवलं नाही. हलवा गरम होता, पुऱ्या फुगलेल्या होत्या, आणि नऊ पाटांवर एकटी मृणाल बसली होती.

मग हेमचंद्रांनी परातीत फिनेल ओतलं. हो, फिनेल. फरशी दोनदा पुसून घेतली. मृणाल अकरा वर्षांची, लखनौतच जन्मलेली. तिला मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीतच द्यायची. ती पाटावरूनच म्हणाली, "पापा, आप तो इसी बीमारी पे काम करते हैं न? आप ही ने तो बताया था कि माँ-बाप के खून से नहीं आती."

"ते वेगळं असतं," हेमचंद्र म्हणाले.

"क्या अलग?"

उत्तर नसलं की मोठी माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. तिला अभ्यासाला बसवलं.

संध्याकाळी मारीट परत आली. डोळे सुजलेले, पण आता ती रडत नव्हती, संतापली होती. जेवणाच्या टेबलाशी उभी राहिली, बसली नाही. लतिकाबाई चाचरत म्हणाल्या, "मारीट, बेटी, समझो. समाज का डर होता है."

मारीटचं हिंदी मोडकं होतं, पण त्या संध्याकाळी तिचा एक शब्दही अडला नाही.

"आपने बोला था, हमारे बच्चे हैं. मैंने लिखकर रखा है. वो झूठ था?"

लतिकाबाईंनी पुढे केलेलं ताट तिने मागे सारलं.

"मैं एक बात बताती हूँ. मेरी नानी की माँ को यही रोग था. हमारे यहाँ बर्गन शहर के अस्पताल में रखा, मरने तक. नानी तब तीन साल की थी. दूसरे लोगों ने उसको पाला, नाम बदल दिया. नानी ने साठ साल किसी को नहीं बताया. मेरी माँ को भी नहीं. मरने से पहले मुझको बताया. इसलिए मैं यहाँ आई. मैं सेवा करने नहीं आई. मैं भी उन्हीं बच्चों में से हूँ."

लतिकाबाईंची नजर टेबलावर गेली. मारीटचा कप, मारीटचं ताट, नऊ महिने याच भांड्यांत ती जेवत होती. मृणालच्या वेण्या घालत होती, तिच्या पलंगावर लोळून गोष्टी सांगत होती.

मारीटला ती नजर दिसली. ती म्हणाली, "हाँ, देखिए. मेरा कप भी फेंकना है तो फेंक दीजिए. मैं गोरी हूँ, तो मुझको शाल दी. कुसुमा को बाहर बिठा रहे थे. रोग तो मेरे घर में भी वही था."

आणि ती वर निघून गेली.

वाचकहो, इथे जरा थांबतो. परदेशातली एक पोर आपल्या मुलांना शिकवायला येते आणि आपण सगळे तिची आरती ओवाळतो. का? आपल्या वाटचं काम ती परस्पर करते म्हणून. आपल्याला हात लावावा लागत नाही म्हणून. सत्कार मारीटचा व्हायचा, पण सुटका होत होती आपली. हे लतिकाबाईंना त्या रात्री कळलं. उशिरा कळलं, पण कळलं, एवढं श्रेय त्यांना देतो.

दुसऱ्या दिवशी रामनवमी, सुट्टी होती. लतिकाबाईंनी पहाटे उठून पुन्हा हलवा-पुरी केली, चार डबे भरले आणि मारीटसोबत बस्तीत गेल्या. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच. कुसुमाची आई फूलमती घराच्या ओट्यावर बसून कैऱ्या चिरत होती. तिच्या हाताची बोटं पेरांपर्यंतच उरली होती. हाताला कापड गुंडाळून, तळहाताच्या जोरावर ती भराभर फोडी करत होती. लतिकाबाईंनी डबे पुढे केले.

फूलमतीने डब्यांकडे पाहिलं. "ये क्या है?"

"कल बच्चियाँ बिना खाए चली आईं. आज मैं..."

"अष्टमी तो कल थी, बहनजी. आज नवमी है."

लतिकाबाईंना हुंदका फुटला. फूलमतीला त्याचं काही कौतुक वाटलं नाही. उलट ती चिडली. "रोइए मत. रोने वाले यहाँ बहुत आते हैं. कंबल बाँटते हैं, फोटो खिंचवाते हैं, रोते हैं, और घर जाके नहाते हैं. हमने अपनी बिटिया को दो बरस छाती से नहीं लगाया, इस डर से कि कहीं हमसे न लग जाए. डाक्टर ने कहा अब डर नहीं, तब गोद में लिया. हम तो अनपढ़ हैं, हमने डाक्टर की बात मान ली. आप लोग तो खुद डाक्टर हैं. आपने नहीं मानी?"

लतिकाबाईंनी पुढे केलेले डबे मागे घेतले.

"और सुनिए. हमको अपनी लड़की के पाँव नहीं धुलवाने. उसके पाँव हम खुद धो देते हैं. देवी भी मत बनाइए उसको. उसका कागज आपके घर में पड़ा है. उस पर दस्तखत कर दीजिए, नहीं तो कागज वापस कर दीजिए, हम दूसरा दरवाजा देखें."

ती पुन्हा कैऱ्या चिरू लागली. कुसुमा आत होती, ती बाहेर आली नाही. मुन्नी दाराआडून डब्यांकडे बघत होती. आईने तिलाही नजरेनेच आत पाठवलं. डबे जसे आणले तसेच परत गेले.

घरी येताच लतिकाबाईंनी फॉर्म खाली काढला आणि उभ्याउभ्याच सही केली. मग तो नवऱ्यापुढे ठेवला. "तुमचीही करा."

"अगं, एक पुरते की. आणि संस्थेत कळलं तर, सक्सेना काय..."

"अहो, संस्थेत काय कळायचंय? तुम्ही काम कशावर करता ते तर त्यांना माहीत आहे ना? का उंदरांना सांगितलंय आणि माणसांना सांगायचं राहिलंय?" लतिकाबाई लग्नाला चौदा वर्षं होऊन कधी अशा बोलल्या नव्हत्या. "काल परातीत फिनेल ओतलंत तुम्ही. सक्सेनाबाईंना माहीत नाही म्हणून त्या घाबरल्या. तुम्हाला तर सगळं माहीत होतं. मग त्यांच्यापेक्षा वाईट तुम्हीच. आणि मीही. मी त्या पोरीचा पाय पाण्यात तसाच सोडला हो. हातात घेतलेला पाय!"

हेमचंद्रांनी फॉर्म पुढे ओढला. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "भीती वाटली गं मला. कसली, ते मलाही सांगता येणार नाही. वाचलेलं सगळं त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे." आणि त्यांनी सही केली.

शुक्रवारी लतिकाबाईंनी फॉर्म मोठ्या बहनजींच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पत्ता वाचला आणि फॉर्म बाजूला सारला. "लतिका, दूसरे पेरेंट्स लड़कियाँ निकाल लेंगे."

"निकाल लें."

"किसके बगल में बिठाएँगी आप इसे?"

"मेरी लड़की के बगल में. मृणाल भी इसी साल सहावी में..." घाईत मराठी शब्द गेला. "छठी में आ रही है. और अगर सीट नहीं दी, तो लिखकर दीजिए क्यों नहीं दी. परीक्षा में तीसरा नंबर है, डॉक्टर का सर्टिफिकेट है, स्थानीय अभिभावक के दो-दो दस्तखत हैं. कारण आप अपने हाथ से लिखिए."

कारण लिहायचं म्हटलं की भल्याभल्यांचं पेन चालत नाही. मोठ्या बहनजींचंही चाललं नाही.

जुलैत शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात पालकांनी गोंधळ घातला. सभा बोलावली गेली. हेमचंद्र रजा घेऊन आले आणि पाऊण तास बोलले. या वेळी स्लाइड नव्हत्या, आणि व्याख्यानाची सुरुवात त्यांनी फिनेलपासून केली. भर सभेत, नाव न लपवता. तरी सहा पालकांनी मुली काढून नेल्या. उरलेल्या राहिल्या. आठ दिवसांत वर्गातल्या पोरी कुसुमाच्या वहीतून गणितं उतरवू लागल्या. मारीटची मुदत संपत आली होती. ती जाण्याआधी एकदा येऊन वर्गाच्या खिडकीतून बघून गेली.

कुसुमाने पुढे काय केलं, ती कोण झाली, हे मी सांगणार नाही. ती कोणीही झाली नसती तरी त्या बाकावर तिचा हक्क होताच. एवढंच सांगतो, की त्या शाळेत असेपर्यंत ती लतिकाबाईंशी अदबीने वागली, पण त्यांच्या घरी कधी जेवली नाही. पुढच्या वर्षी अष्टमीला त्यांनी बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "बहनजी, परीक्षा है." परीक्षा नव्हती. दोघींनाही ते ठाऊक होतं. लतिकाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. आपण केलेला अपमान समोरच्याने आपल्या सोयीने विसरावा, हा हट्ट त्यांनी धरला नाही. मला विचाराल तर त्यांच्यातला खरा बदल हाच.

म्हणून मित्रहो, मुलांना देव करू नका. देव केलं की त्यांना वर्षातून एक दिवस जेवू घालून मोकळं होता येतं. त्यांना वर्गात बाक द्या, आपल्या मुलांच्या शेजारी बसू द्या, हजेरीत त्यांचं नाव येऊ द्या. कुष्ठरोग हा औषधाने बरा होणारा आजार आहे. आपल्याला जडलेला आजार मात्र माहीत असूनही मागे सरण्याचा आहे, आणि त्याचं औषध कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. तुमच्या घरी, तुमच्या कचेरीत आज अशाच कोणाचा तरी कागद सहीसाठी पडून असेल. हे वाचून झालं असेल तर उठा आणि तो शोधा.